सासूला आत्याबाई का म्हणायचं?

(आपल्या कम्युनिटी रेडिओवर दिलेलं भाषण)



मागच्या महिन्यात आपल्या कार्यक्रमात एका ताईंचा फोन आला होता. बचत गटातल्याच आहेत. म्हणाल्या, "लेक बारावी झाली. डी.एड. कर म्हटलं, नर्सिंग कर म्हटलं, तर ऐकत नाही. मानवशास्त्र घेते म्हणते. तिचे वडील म्हणतात, माणसांचं कसलं आलंय शास्त्र? आणि त्यानं पोट भरतं का?" कार्यक्रम संपायला दोनच मिनिटं उरली होती. मी म्हटलं, ताई, हे दोन मिनिटांत सांगायचं काम नाही, पुढच्या खेपेला सांगते. मग त्याच आठवड्यात आणखी दोघींनी तेच विचारलं. म्हणून आज तोच विषय घेतलाय.

पण आधी मीच तुम्हाला एक प्रश्न विचारते. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत सून सासूला "आत्याबाई" म्हणते आणि सासऱ्याला "मामंजी". आता नव्या सुना मम्मी-पप्पा म्हणतात, ते सोडा. पण आपल्या आयांनी, आज्यांनी आत्याबाई आणि मामंजीच म्हटलं. का? सासू काही बापाची बहीण नव्हती. सासरा काही आईचा भाऊ नव्हता. मग हे शब्द आले कुठून?

याचं उत्तर शोधणं म्हणजेच मानवशास्त्र. माणसं कुणाशी लग्न करतात, कुणाशी करत नाहीत, कोण कुणाच्या ताटात जेवतं, मेल्यावर पुरतात की जाळतात, हाडं कशी, रक्तगट कुठले, हजारो वर्षांपूर्वी इथं कोण राहत होतं, या सगळ्याचा अभ्यास. आणि तो पुस्तकात मान घालून नाही, तर त्या माणसांच्या ओसरीवर बसून. नुसतं "हा कोर्स करा, ही नोकरी मिळेल" असं सांगण्यापेक्षा हे शास्त्र आपल्याकडे रुजवणाऱ्या एका बाईची गोष्ट सांगते. त्यांचं नाव इरावती कर्वे.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, तोही ब्रह्मदेशातला. वडील गणेश हरी करमरकर तिकडे कापसाच्या कंपनीत कामाला होते. तिथं इरावती नावाची मोठी नदी आहे, तिच्यावरून मुलीचं नाव ठेवलं. आपल्याकडे नाही का गंगा, गोदावरी, कृष्णा असतात, तसंच. सात वर्षांची झाल्यावर तिला शिकायला पुण्याला हुजूरपागेच्या वसतिगृहात धाडलं. सात वर्षांची पोर, मधे समुद्र, आई पलीकडे. पुढं शाळेतली मैत्रीण शकुंतला परांजपे हिच्या घरी ती राहिली, त्यांच्या घरातलीच झाली. शकुंतलाचे वडील रँग्लर परांजपे म्हणजे फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. घरात पुस्तकं, वादविवाद, येणारे-जाणारे विद्वान. पोरीला त्याचीच गोडी लागली.

१९२६ साली त्या फर्ग्युसनमधून बी.ए. झाल्या. विषय कुठला? तत्त्वज्ञान. मानवशास्त्र नव्हे. तेव्हा पुण्यात बी.ए.ला हा विषयच नव्हता. कलकत्ता विद्यापीठानं तो १९२०च्या सुमारास शिकवायला घेतला होता, पण कलकत्ता कुठं आणि पुणं कुठं. मग शिष्यवृत्ती मिळवून मुंबई विद्यापीठात डॉक्टर घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या, १९२८ साली एम.ए. झाल्या. त्यातच त्यांना माणसांचा अभ्यास सापडला. म्हणजे ताईंच्या लेकीला जे पहिल्या वर्षापासून शिकायला मिळू शकतं, तिथवर पोचायला इरावतीबाईंना असा वळसा घालावा लागला.

दरम्यान लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे कोण, तर साक्षात धोंडो केशव कर्वे! विधवांसाठी आश्रम काढणारे, बायकांचं विद्यापीठ काढणारे महर्षी कर्वे. आता तुम्हाला वाटेल, अशा घरात सून पडली म्हणजे शिकायला मोकळं रान. तर तसं झालं नाही. सुनेनं जर्मनीला जाऊन डॉक्टरेट करायची म्हटल्यावर सासऱ्यांनी विरोध केला. मला ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा धीरही आला. जगाच्या लेकीसुनांसाठी झटणाऱ्याला आपल्या घरच्या सुनेला सोडणं जड जाऊ शकतं! पण नवरा पाठीशी उभा राहिला. उसने पैसे उभे केले आणि बाई बोटीत बसल्या.

बर्लिनला मानवशास्त्राची एक मोठी संस्था होती. तिचे प्रमुख ऑयगेन फिशर. त्यांनी इरावतीबाईंना कवट्यांचा विषय दिला. माणसाची कवटी डावीकडून आणि उजवीकडून अगदी सारखी नसते, थोडी वाकडी असते. फिशरसाहेबांचा समज असा, की गोऱ्या युरोपियनांच्या कवट्यांत हा फरक जास्त असणार, कारण त्यांची बुद्धी जास्त, तर्क जास्त, म्हणून मेंदूची एक बाजू वाढलेली. काळ्या-सावळ्या माणसांत तो कमी असणार. आता हे सिद्ध करायला बसवलं कुणाला, तर एका सावळ्या देशातून आलेल्या मुलीला.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, आफ्रिकेतून नेलेल्याही मोजल्या. त्या आफ्रिकेतल्या कवट्या तिथं कशा पोचल्या, त्या माणसांच्या पोराबाळांना कुणी विचारलं होतं का, हा वेगळाच दुखरा विषय आहे. वसाहती करणाऱ्यांनी माणसांची जमीन घेतली, तशी हाडंही नेली. तर मोजून झालं, आकडे मांडले, आणि निघालं काय? वाकडेपणा सगळ्यांतच आहे. त्याचा वंशाशी काही संबंध नाही. गोऱ्यांचा जास्त, काळ्यांचा कमी, असं काही नाही.

आता विचार करा. परका देश, परकी भाषा, थंडी. पैसे उसने. डॉक्टरेट देणं न देणं ज्याच्या हातात, त्याचंच म्हणणं खोटं निघालेलं. दोन-चार आकडे इकडचे तिकडे केले असते तर गुरुजी खूश झाले असते. बाईंनी जे निघालं तेच लिहिलं. फिशरनी पास केलं, पण खालचा दर्जा देऊन. पुढं १९३३ साली हिटलर सत्तेवर आला, आणि याच फिशरना बर्लिन विद्यापीठाचं कुलगुरू केलं. वंश श्रेष्ठ, वंश हलका या विचारानं तिथं पुढं लाखो माणसं मारली गेली, ते तुम्हाला ठाऊक आहे. या शास्त्राचा असाही वापर झालाय हे मी लेकीला शिकायला पाठवणाऱ्या आयांपासून लपवून ठेवणार नाही. मोजपट्टी एकच असते. ती कुणाच्या हातात आहे आणि उत्तर आधीच ठरवून मोजतोय का, यावर सगळं असतं.

परत आल्यावर मानवशास्त्राची नोकरी तयार होती असं समजू नका. काही वर्षं त्यांनी मुंबईला बायकांच्या विद्यापीठात, सासऱ्यांनीच काढलेल्या, कुलसचिव म्हणून काम केलं. म्हणजे कागद, परीक्षा, हिशेब. मन रमलं नाही. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनाची संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं, तिथं त्यांना जागा मिळाली आणि मग शेवटपर्यंत त्या तिथंच राहिल्या. डॉक्टरेट झाल्यावर मनासारखं काम मिळायला आठ-नऊ वर्षं गेली. हे मुद्दाम सांगतेय.

डेक्कन कॉलेजात त्यांनी किती प्रकारची कामं केली! पुरातत्त्वाचे डॉक्टर सांकलिया यांच्याबरोबर गुजरातेत लांघणज इथं खणलं, तिथं हजारो वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसांचे सांगाडे सापडले. महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या जातीजमातींच्या लोकांची उंची, डोकं, नाक मोजलं, रक्त तपासलं. पश्चिम खानदेशातल्या भिल्लांवर लिहिलं. फलटणचं गाव वाढत वाढत शहर कसं होतंय, आसपासच्या खेड्यांशी त्याचं नातं काय, याची पाहणी केली. घरात तीन मुलं, संसार, आणि बाई गावोगाव फिरतायत. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांत त्यांचं नाव घेतात. नवऱ्याला नावानं हाक मारायच्या, "दिनू" म्हणून. त्या काळात!

पण त्यांचं सगळ्यांत मोठं काम नात्यांवरचं. १९५३ साली त्यांचं भारतातल्या नातेसंबंधांवरचं इंग्रजी पुस्तक निघालं. अख्ख्या देशाचे त्यांनी उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे चार पट्टे पाडले, आणि कुठं कोण कुणाला काय म्हणतं, कुठली सोयरीक चालते, कुठली नाही, ते मांडलं. त्यासाठी जुने ग्रंथ वाचले, तसे बायकांच्या तोंडचे शब्द, म्हणी आणि गाणीही गोळा केली. म्हणजे जे ज्ञान तुमच्या-माझ्या आजीकडं होतं, आणि ज्याला कुणी ज्ञान म्हणत नव्हतं, ते त्यांनी शास्त्रात नेऊन बसवलं.

तर आता येऊ आत्याबाईंकडे. आपल्या महाराष्ट्रात बऱ्याच जातींत मामाची मुलगी करायची चाल होती, अजून काही ठिकाणी आहे. मुलाच्या बाजूनं पाहिलं तर ती मामाची पोर. आता हेच मुलीच्या बाजूनं पाहा. तिचा नवरा कोण? आत्याचा मुलगा. मग सासू कोण झाली? आत्या. आणि आत्याचा नवरा, म्हणजे सासरा, त्याला खेड्यात आपण काय म्हणतो? मामा. झालं की नाही? आत्याबाई आणि मामंजी! पुढं मुली परक्या घरात दिल्या जाऊ लागल्या, तरी शब्द तेच राहिले. जुनी चाल शब्दांत गोठून राहिली.

आणि उलट नातं पाहा. मुलीनं मामाच्या मुलाशी लग्न करून आईच्या माहेरी सून म्हणून जायचं, ते मात्र आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी चालत नाही. वेल परत फिरवू नये म्हणतात. बापाच्या घरची लेक आत्याकडे जाईल, पण आत्याची लेक उलट येणार नाही. एका बाजूला रस्ता उघडा, दुसऱ्या बाजूला बंद.

उत्तरेकडं जा, हरियाणा किंवा उत्तर प्रदेशाकडं. तिथं यातलं काहीच चालत नाही. नात्यात तर नाहीच, गावातही नाही. गावातली सगळी मुलं-मुली एकमेकांची भावंडं. म्हणून लेक लांबच्या, अनोळखी गावात जाते. तिथं गेल्यावर तोंडावर पदर, कारण सगळेच सासरचे. माहेरी आली की पदर मागं, कारण सगळेच भाऊ. आणि दक्षिणेत, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत, बऱ्याच जातींत मामा आपल्या थोरल्या बहिणीच्या मुलीशीसुद्धा लग्न करतो. त्या मुलीची सासू म्हणजे तिची स्वतःची आजी!

यातून इरावतीबाईंनी जे दाखवलं ते बाईच्या जिवाचं आहे. दक्षिणेतली नवरी लहानपणापासून पाहिलेल्या माणसांत जाते. उत्तरेतली नवरी पूर्ण परक्यांत पडते. एकाच देशात लग्न या एकाच शब्दाचा अर्थ बाईसाठी किती निराळा! आपण मधल्या पट्ट्यातले, दोन्हीकडचं थोडं थोडं घेतलेले. नात्यातलं लग्न चांगलं की वाईट, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही सांगत नाही, डॉक्टर त्याबद्दल सावध करतात ते ऐकावं. पण सासरी एखाद्या सुनेला त्रास झाला तर तिच्या पाठीशी कोण उभं राहणार, हे नात्यांच्या या नकाशावर पुष्कळ अवलंबून असतं, हे मला त्या पुस्तकामुळं कळलं.

जातीबद्दलही त्यांनी असंच एक मानलेलं मत उलटं करून पाहिलं. कुंभार समाजात थोरचाके, लहानचाके अशा पोटजाती आहेत, तुम्हाला माहीत असेल. सगळे म्हणायचे, आधी एकच जात होती, मग तिचे तुकडे पडले. त्यांचे गुरू घुर्ये यांचंही मत तसंच. इरावतीबाईंनी मोजमापं घेतली, चालीरीती पाहिल्या आणि म्हणाल्या, तुकडे पडले असं धरून का चालायचं? निरनिराळे समूह आधीपासूनच वेगळे होते, एकच धंदा करत होते, म्हणून लोकांनी त्यांना एक नाव दिलं. म्हणजे इथंही गुरूशी मतभेद. बाईंना ती खोडच होती म्हणा! सगळ्याच अभ्यासकांना त्यांचं पटलं असं नाही. आज डोकी-नाकं मोजून समाज ओळखायची पद्धतही मागं पडली. तेव्हाच्या काही गोष्टी आता जुन्या झाल्या, हेही सांगायला हवं.

मराठी वाचकांना त्या माहीत आहेत त्या लेखिका म्हणून. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पायी पंढरपूरला गेल्या, त्यावर त्यांचा "वाटचाल" नावाचा लेख आहे. दिंडीत सगळे एका माउलीचं नाव घेत चालतात, पण जेवायला बसले की ब्राह्मणांची पंगत वेगळी आणि मराठ्यांची वेगळी, हे त्यांनी पाहिलं, त्यांच्या मनाला ते टोचलं, आणि त्यांनी ते तसंच लिहिलं. वारीवर माया आहे, पण डोळे उघडे आहेत. "युगान्त"मध्ये त्यांनी महाभारतातल्या गांधारी, कुंती, द्रौपदी यांच्याकडं देवी म्हणून नाही, तर एका घरातल्या बायका म्हणून पाहिलं. त्या पुस्तकाला १९६८ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वाचनालयात असेल तर गटात मिळून वाचा. जड वाटत नाही.

आता आपल्या सातारा जिल्ह्याकडे येते. कोयना धरण. १९५०च्या दशकात काम सुरू झालं, साठच्या दशकात पाणी अडलं. त्याच्या विजेवर महाराष्ट्रातले कारखाने चालले, घरांत दिवे लागले. शिवसागर जलाशय आज लोक फिरायला येऊन बघतात. त्या पाण्याखाली गावं आहेत. तिथली माणसं उठून कुठं कुठं गेली? सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे. डोंगरातली, भात-नाचणी पिकवणारी माणसं कुणी सोलापूरच्या कोरड्या मुलखात गेली, कुणी कोकणात.

इरावतीबाई आणि त्यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर, या दोघींनी मिळून कोयनेच्या विस्थापितांची पाहणी केली. त्याचं पुस्तक १९६९ साली डेक्कन कॉलेजनं काढलं. आई-लेकीनं मिळून केलेलं काम! धरण किती उंच, वीज किती युनिट, याचे आकडे सरकारकडे होतेच. पण उठवलेल्या माणसांचं पुढं काय झालं, हे त्यांच्याकडं जाऊन विचारायचं, त्याची नोंद करायची, हे काम आपल्या देशात तेव्हा फार थोड्यांनी केलं होतं.

नात्यांचा अभ्यास आणि धरण यांचा संबंध काय, असं वाटेल. मी माझ्या परीनं सांगते. डोंगरातल्या खोऱ्यात सोयरीक चार-पाच कोसांत व्हायची. माहेर दिसेल एवढ्या अंतरावर. नाचणी संपली तर बाई माहेरून पायलीभर आणायची, बाळंतपणाला आई डोंगर उतरून यायची. खोरं बुडालं, आणि तीच दोन गावं दोन जिल्ह्यांत पडली. सातबाऱ्यावर जमीन लिहिलेली असते, तिची भरपाई निदान मागता तरी येते. माहेर कुठल्या उताऱ्यावर लिहिलेलं असतं? ज्यानं नात्यांचा अभ्यास केलाय, त्यालाच हे नुकसान दिसतं. इंजिनिअरला दिसत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही, त्याला ते शिकवलेलंच नसतं. कोयनेचे धरणग्रस्त आज तिसऱ्या पिढीतही आपल्या हक्कांसाठी मोर्चे काढतात, धरणं धरतात, हे तुम्ही पाहताच.

पुढं २०१३ साली भूसंपादनाचा नवा कायदा झाला. त्यात जमीन घेण्याआधी सामाजिक परिणामांचं मूल्यमापन करावं लागेल असं लिहिलं आहे. म्हणजे माणसांवर काय परिणाम होईल ते आधी तपासायचं, लोकांची सुनावणी घ्यायची. काही प्रकारच्या कामांना त्यातून सूट देण्याच्या वाटाही निघाल्या, ते वेगळं. पण हे तपासायचं काम कुणी करायचं? ज्याला माणसांत बसून विचारता येतं त्यानं. तिथं मानवशास्त्र शिकलेल्या मुलामुलींची गरज लागते.

तर ताई, आता तुमच्या मालकांच्या प्रश्नाकडं येते. पोट भरतं का?

भरतं, पण सरळ वाटेनं नाही. केंद्र सरकारचं भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण आहे, १९४५ सालचं, मुख्य कचेरी कोलकात्याला, आपल्या नागपुरातही केंद्र आहे. या संस्थेनं १९८५ पासून देशभर फिरून ४,६३५ समाजांची नोंद केली, एवढं मोठं काम. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. भोपाळला माणसांच्या जीवनाचं मोठं संग्रहालय आहे, आणखीही संग्रहालयं आहेत. आरोग्यावर, कुपोषणावर काम करणाऱ्या संस्थांना गावात राहून पाहणी करणारी माणसं लागतात. सापडलेली हाडं बाईची की पुरुषाची, वय किती, हे ओळखणारं न्यायवैद्यक काम आहे. कलेक्टर होण्यासाठी जी यू.पी.एस.सी.ची परीक्षा असते, तिच्या ऐच्छिक विषयांत मानवशास्त्र आहे आणि पुष्कळ मुलं ते घेतात.

पण कायमच्या जागा थोड्या. संस्थांमधली कामं बहुतेक वेळा सहा महिने, वर्षभराच्या कराराची. पगार वेळेवर येईलच असं नाही. नुसत्या बी.ए.वर फार पुढं जाता येत नाही, एम.ए. करावं लागतं. आणि फिरावं लागतं. मुलगी चार-चार आठवडे परगावी राहणार, हे घराला झेपतं का ते आधी बोलून घ्या. आपल्याकडं बऱ्याच कॉलेजांत हा विषय नसतोच, म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारा. विषय तिन्ही वर्षं शिकवता का? शिकवणारं माणूस कायम आहे का? क्षेत्रकार्याला, म्हणजे गावात जाऊन राहायला, मुलांना नेता का? या तिसऱ्या प्रश्नाला "नाही" उत्तर आलं, तर माझं मत विचाराल तर दुसरं कॉलेज बघा. दुसरं जवळ नसेल तर इरावतीबाईंसारखं पदवी वेगळ्या विषयात करून पुढं या विषयाकडं वळायचा रस्ता काही विद्यापीठांत आहे.

मी स्वतः कॉलेजात असताना एका पाहणीचे फॉर्म भरायला गेले होते. पहिलाच रकाना, कुटुंबप्रमुखाचं नाव. एका म्हाताऱ्या बाईंना विचारलं. त्या चुलीपुढं बसल्या होत्या, वर न बघता म्हणाल्या, "कागदावरचा सांगू का घरातला?" मला काय लिहावं कळेना. फॉर्ममध्ये जागा एकच होती. मी कागदावरचा लिहिला. मुलगा होता त्यांचा, तीन वर्षांपूर्वी मुंबईला गेलेला, पैसे पाठवत नव्हता. घर त्या बाई चालवत होत्या. तो फॉर्म पुढं आकड्यात गेला आणि त्या घराचा प्रमुख पुरुष म्हणून मोजला गेला. माझ्या हातून. इरावतीबाईंच्या त्या १४९ कवट्यांची गोष्ट मी नंतर वाचली, तेव्हा मला ती चूल आठवली. आता मी फॉर्म करते तेव्हा तिथं दोन रकाने ठेवते.

ताईंचा परवा पुन्हा फोन आला. लेकीनं त्यांच्या सासूबाईंजवळ बसून घरातल्या पाच पिढ्यांची सोयरीक वहीत उतरवायला घेतली आहे म्हणाल्या. कोण कुठल्या गावची, कुणाची कोण. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, पण सगळं तोंडपाठ. वडील म्हणाले, "हे कसलं शिक्षण, हे तर आईला फुकटच येतं." आणि मग आपल्याच आत्याचं सासरचं गाव त्यांना आठवेना, म्हणून वही मागून घेतली.

तुमच्याकडं सासूला, नणंदेला, भावजयीला काय म्हणतात, आणि कुठली सोयरीक चालत नाही, ते आम्हाला कळवा. फोन करा किंवा चिठ्ठी पाठवा. आपल्या आसपासच्याच गावांत किती फरक आहे ते पुढच्या बुधवारी मिळून बघू. नमस्कार.